टॅक्सींतील पाठ

गेल्या वर्षीं, म्हणजे २०२५ च्या भाद्रपदापासून, आमच्या घरांतील एक गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक आम्हांस आणि दुसरी आमच्या कुटुंबास. तेरा माणसांच्या घरांत एखादी गोष्ट तीन महिने गुप्त राहणें किती कठीण, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. आमच्याकडे भिंतींना कानच नव्हेत तर तोंडेंहि आहेत.

गोष्ट अशी कीं, एके सायंकाळीं नातवास रामरक्षा सांगत असतां एका श्लोकापाशीं आम्ही अडलों. पुढचा चरण येईना. ज्या स्तोत्राशीं आमचा साठ वर्षांचा परिचय, तें आमच्याकडे अनोळखी माणसासारखें पाहूं लागलें. नातवानें पुस्तकांत पाहून चरण वाचला आणि "आजोबा, तुम्ही दमलांत," असें म्हणून तो खेळावयास पळाला. आम्हींहि तें थकव्यावर ढकललें. पुढें पंधरा दिवसांनीं भिकारदास मारुतीपासून घरीं येतांना एका वळणावर डावीकडे वळावयाचें कीं उजवीकडे, हें कांहीं क्षण कळेना. सदाशिव पेठेंत आमचा जन्म गेला! त्या कोपऱ्यावर आम्ही परगांवच्या मनुष्याप्रमाणें उभे राहिलों आणि समोरच्या वाण्याच्या दुकानाची पाटी वाचूं लागलों. कोणी पाहत असेल तर मास्तर पाटी वाचीत आहेत असें त्यास वाटावें, हा हेतु.

आमच्या भीतीस कारण होतें. आमचे चुलते दशग्रंथी होते. अखेरच्या चार वर्षांत त्यांना सख्खा भाऊ ओळखूं येईना. आमच्या वडिलांस ते अत्यंत आदरानें "आपण कोठून आलांत?" असें विचारीत आणि लगेच सूक्त म्हणावयास लागत, तें मात्र स्वरासकट शुद्ध. लहानपणीं आम्हांस याची गंमत वाटे. आतां वाटत नाहीं.

कुटुंबाच्या माहेरच्या एका नातलगानें मुंबईच्या एका डॉक्टरांचें नांव सुचविलें. कार्तिकांत एका लग्नाचें निमित्त करून आम्ही दोघें त्यांजकडे जाऊन आलों. त्यांनीं रक्त घेतलें, घड्याळाचें चित्र काढावयास लाविलें, पांच शब्द सांगून थोड्या वेळानें ते परत विचारले. आम्ही त्या परीक्षेंत कसे उतरलों हें विचारण्याचें धाडस झालें नाहीं. निकालासाठीं मार्गशीर्षांत पुनः यावें असें ठरलें. त्या वेळीं कुटुंबाचा गुडघा दुखत होता, म्हणून आम्ही एकटेच निघालों.

दादरला पूर्वेच्या बाजूस उतरून काळी-पिवळी टॅक्सी केली. चालक आमच्याच वयाचा, पांढऱ्या दाढीचा. त्यानें मान वळवून विचारलें, "कुठं जायचं, बाबूजी?" आम्हीं खिशांत हात घातला. पत्त्याचा कागद खिशांत नव्हता, पिशवींतहि नव्हता. तो पुण्यास देवघराच्या फळीवर पंचांगाखालीं ठेवल्याचें मात्र त्याच क्षणीं लख्ख आठवलें. स्मृतीची ही थट्टा पाहा!

डॉक्टरांचें नांव आठवत होतें. इमारतीचें आठवेना, रस्त्याचेंहि नाहीं. आमचा फोन साधा, बटणांचा. त्यांत नकाशा नाहीं. घरीं फोन करून पत्ता विचारतां आला असता. परंतु स्मृतीच्या परीक्षेचा निकाल आणावयास निघालेल्या मनुष्यानें पत्ताच विसरल्याचें कळविणें म्हणजे निकाल आपल्याच तोंडानें सांगणें होतें. अखेर आम्हीं चालकास खरें तें सांगितलें, "भाऊ, पत्ता विसरलों. ऑपेरा हाऊसचें नांव तेवढें कानावर आलेलें आठवतें."

त्यानें मीटर चालूं केला नाहीं. इंजिनहि बंद केलें. "एकदां जाऊन आलांत ना? मग पत्ता कशाला पाहिजे? खिडकींतून काय दिसत होतं तें सांगा."

"आगगाडीचे रूळ. गाडी खालून जात होती."

"खालून कीं समोरून?"

"खालून. जणूं आपण पुलावरच बसलों आहों."

"मग केनेडी पूल नाहीं तर फ्रेंच पूल. बाहेर पडल्यावर काय केलंत?"

"घरचीं माणसें म्हणालीं, आलोंच आहों तर समुद्र पाहूं. चालत चौपाटीवर गेलों."

"किती वेळ चाललांत?"

"दहा मिनिटेंहि नाहींत. समोर विल्सन कॉलेज होतें."

"फ्रेंच पूल," असें म्हणून त्यानें मीटर चालूं केला. पहिल्या दीड किलोमीटरचे एकतीस रुपये तेथें लाल अक्षरांत उमटले.

आम्ही थक्क झालों, आणि थोडे शरमलोंहि. कारण विद्यार्थी श्लोकांत अडला म्हणजे आम्ही तीस-पस्तीस वर्षें हेंच करीत आलों होतों. अडलेला चरण सांगावयाचा नाहीं. मागचा चरण म्हणावयास लावावयाचा. मागचा आला कीं तो पुढच्यास हातीं धरून घेऊन येतो. पुण्याच्या त्या वळणावर आम्हीं स्वतःस मात्र हा उपाय केला नव्हता. आम्ही पाटी वाचीत उभे राहिलों.

चालक मूळचा जौनपूर जिल्ह्याचा. मराठी स्वच्छ बोलत होता. फक्त 'ळ'चा 'ल' होई. लालबागवरून जातांना त्यानें आपली हकीकत सांगितली. १९७९ सालीं तो मुंबईस आला आणि एका कापडगिरणींत बदली कामगार म्हणून लागला. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरूं झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. बदलीवाल्यास आधींच रोजची खात्री नसे. आतां गिरणीहि गेली. सहा महिने त्यानें टॅक्सी धुण्याचें काम केलें. ज्याच्या गाड्या धुतल्या त्यांतल्या एका म्हाताऱ्या चालकानें त्यास हाताशीं घेतलें. त्यास तो अजून 'उस्ताद' म्हणतो आणि नांव घेतांना कानाच्या पाळीस बोट लावतो.

उस्तादाची शिकविण्याची पद्धति आमच्या कोणत्याहि शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत नाहीं, पण असावयास हवी होती. पहिले तीन महिने त्यानें शिष्यास चाकास हात लावूं दिला नाहीं. सुट्टीच्या दिवशीं पायीं फिरावयाचें. आणि आधीं पाठ करावयाचीं तीं इस्पितळें: परळचीं के.ई.एम., टाटा आणि वाडिया, मुंबई सेंट्रलजवळचें नायर, भायखळ्याच्या बाजूचें जे.जे. "बाकीचं भाडं थांबतं, हें थांबत नाहीं," असें उस्ताद म्हणे. कोणता दरवाजा रात्रीं उघडा असतो, गरोदर बाई असेल तर कोठें वळावयाचें, खड्डा कोणत्या बाजूला आहे, हें सर्व पायांनीं शिकावयाचें. इस्पितळें झालीं म्हणजे आगगाडीचीं स्टेशनें. नाटकगृहें आणि हॉटेलें अगदीं शेवटीं. "तीं भाडीं पत्ता बरोबर घेऊन येतात," तो म्हणाला.

आम्हीं विचारलें, "एवढें सर्व ध्यानांत राहतें तरी कसें?"

"ध्यानांत कुठं आहे, बाबूजी? भायखल्याच्या पुढं काय हें विचाराल तर लगेच सांगेन. पण भायखला कुठं आहे असं विचाराल तर थोडा थांबेन. मागून यावं लागतं."

हें ऐकून आम्ही सरसावून बसलों. मॅट्रिकनंतर आम्ही दोन वर्षें पाठशाळेंत होतों. तेथें संहिता झाली कीं पदें, पदें झालीं कीं क्रम. क्रम म्हणजे पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें, तिसरें-चौथें, अशी पदांची सांखळी. प्रत्येक पद दोनदां येतें, एकदां मागच्याचा हात धरून आणि एकदां पुढच्याचा. जटेंत तींच दोन पदें सुलटीं, उलटीं आणि पुनः सुलटीं म्हणावयाचीं. घनांत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पहिलें-दुसरें-तिसरें, तिसरें-दुसरें-पहिलें आणि पुनः पहिलें-दुसरें-तिसरें. कागदावर विश्वास न ठेवतां एक अक्षर वा एक स्वर न हरवतां ग्रंथ शतकानुशतकें टिकावा, यासाठीं ही योजना. या वेदपठणपरंपरेस २००३ सालीं युनेस्कोनें मानवजातीचा वारसा म्हणून गौरविलें. आम्ही स्वतः क्रमाच्या पुढें गेलों नाहीं. वडील वारले आणि नोकरी पहावी लागली.

हें आम्हीं त्यास थोडक्यांत सांगितलें. त्यानें तें अत्यंत लक्ष देऊन ऐकलें, एका सिग्नलपाशीं विचार केला आणि म्हणाला, "मास्तर होतांत वाटतं? तुमचं सुलटं-उलटं सोपं आहे, मास्तरजी. आमच्यांत गेला तो रस्ता परत येत नाहीं. सगलीकडे एकेरी वाहतूक. जायचा पाठ निराला, यायचा निराला."

मग त्यानें जें सांगितलें तें आम्हांस अगदीं नवीन होतें. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ सालीं बंद झाला आणि २०२३ सालीं पुरता उघडला. त्या पांच वर्षांत त्यास तो पूल डोक्यांतून काढून ठेवावा लागला. उघडल्यावर पुनः बसवावा लागला. प्रभादेवीचा पूल २०२५ च्या सप्टेंबरांत पाडण्यासाठीं बंद केला. म्हणूनच आम्हीं ही भायखळ्याची वाट धरली होती. "शिकणं सोपं," तो म्हणाला, "पुसणं कठीण. पहिले आठ दिवस हात आपोआप बंद पुलाकडे वलतो. भाडं ओरडतं. मग एक दिवस वलत नाहीं."

पाठ बदलणें, आणि तोहि दर पावसाळ्यास! आमच्या विद्येंत जें महापाप तें याच्या विद्येंत नित्यकर्म. आणि एवढ्यावर भागत नाहीं. एका रस्त्यास तीन-तीन नांवें. लॅमिंग्टन रोड म्हणणारें भाडें येतें आणि त्याच रस्त्यास डॉ. भडकमकर मार्ग म्हणणारेंहि येतें. पेडर रोड म्हणजे गोपाळराव देशमुख मार्ग. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचें २०१८ सालीं प्रभादेवी झालें, पण म्हातारीं माणसें अजून एल्फिन्स्टनच म्हणतात. आम्ही म्हटलें कीं, हें विष्णुसहस्रनामासारखें झालें. कोणत्याहि नांवानें हांक मारा, पोंचवयाचें एकाच ठिकाणीं. तो मोठ्यानें हंसला.

नंतर त्यानें एक प्रश्न विचारला तो आम्ही विसरूं म्हटलें तरी विसरणार नाहीं, आणि विसरण्याची आम्हांस किती भीति आहे हें वाचक जाणतातच. "मास्तरजी, तुम्ही पोरांना म्हणत होतां कां, अभ्यास केला नाहीं तर टॅक्सी चालवशील?"

खोटें बोलण्याचें वय राहिलें नव्हतें. टॅक्सी नव्हे, आम्ही रिक्षा म्हणत होतों. पुण्यांत रिक्षाच अधिक. आणि एकदां नव्हे, दरवर्षीं, प्रत्येक वर्गांत म्हणत होतों. त्या वर्गांतून एखादा रिक्षावाल्याचा मुलगा बसलेला असेल हें आम्हांस ठाऊक असे; तरी म्हणत होतों. आम्हीं तसें कबूल केलें. आरशांत त्याचे डोळे दिसत होते. त्यांत राग नव्हता.

"माझे मास्तरपण म्हणायचे," तो म्हणाला. "बैल चारशील म्हणायचे. बैल मला आवडायचे."

यावर काय बोलावें हें न सुचून आम्ही बराच वेळ गप्प राहिलों. त्यानेंच मग आपल्या मुलाचा विषय काढला. मुलगा कंपनीच्या ॲपवर गाडी चालवितो. फोनवरचा बाण जिकडे वळेल तिकडे वळतो. कमाईंत बापापुढें आहे, हें बापानें आपण होऊन सांगितलें. परंतु एकदां परळला फोन बंद पडला आणि तीन वर्षें तेथें गाडी चालविणाऱ्या मुलास भोईवाड्यांतून बाहेर पडतां येईना. बापाला फोन करावा लागला. "मी त्याला विचारलं, डावीकडे काय दिसतं? म्हणाला, दुकानं. कसलीं दुकानं? म्हणाला, पाहिलं नाहीं." तो थांबला. "पण मास्तरजी, चूक त्याची नाहीं. त्याला कुणी चालवलं नाहीं. मला उस्तादानं चालवलं. मीं पोराला गाडी घेऊन दिली."

तेव्हां आम्हीं आपली गोष्ट त्यास सांगितली. रामरक्षा, वळण, चुलते, निकाल, सर्व. घरांतील अकरा माणसांस जें सांगितलें नव्हतें तें एका टॅक्सीवाल्यास सांगतांना कांहींच जड गेलें नाहीं. त्याची पाठ आमच्याकडे होती म्हणूनहि असेल.

त्यानें सांत्वन केलें नाहीं, हें आम्हांस फार बरें वाटलें. तो म्हणाला कीं, त्याच्या जुन्या पद्मिनी गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असे. गाडीस वीस वर्षें पुरीं झालीं आणि नियमाप्रमाणें ती मोडींत गेली. मुंबईंतून शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उठली. नव्या गाडीचा गिअर खालीं. "अजून कधीं कधीं हात वर जातो. तिथं कांहीं नसतं. पोरगा हंसतो. मला कधीं कधीं भीति वाटते." एवढेंच बोलून त्यानें गाडी पुलावर घेतली आणि एका इमारतीपुढें उभी केली. जाळीचा दरवाजा असलेली लिफ्ट बाहेरूनच दिसली. हीच ती!

मीटरवर दोनशेंच्या आंत-बाहेर आंकडा होता. आम्हीं वर वीस रुपये देऊं केले. त्यानें सुटे मोजून परत दिले. आम्हीं त्याचें नांव विचारावयाचें राहिलें. स्मृतीचा दोष नव्हे हा, शिष्टाचाराचा दोष.

डॉक्टरांनीं सांगितलेलें असें कीं, रक्तांत 'बी बारा' नांवाचें जीवनसत्त्व फारच कमी आहे. तें मांस, मासे, अंडीं आणि दूध यांतून मिळतें. वनस्पतींतून मिळत नाहीं. शाकाहारी घरांत, त्यांतहि आमच्यासारख्यांनीं म्हातारपणीं दूध-दही सोडलें कीं, याची उणीव पुष्कळ आढळते. तिनें स्मृति मंद होऊं शकते आणि उणीव भरून निघाल्यावर ती कांहीं अंशीं सुधारूंहि शकते. इंजेक्शनें सुरूं झालीं. सारें विस्मरण याच एका कारणाचें आहे असें मात्र डॉक्टरांनीं म्हटलें नाहीं. सहा महिन्यांनीं पुनः पाहूं, एवढेंच ते म्हणाले. आमच्या वयाच्या ज्या वाचकांस विस्मरण होत असेल त्यांनीं तें लपविण्यापूर्वीं निदान रक्त तरी तपासून घ्यावें.

घरीं आल्यावर रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं सर्वांस बोलावून सांगितलें. थोरला रागावला, आमची वहिनी रडली. धाकटी सून औषधशास्त्राची पदवीधर आहे. तिनें कांहीं न बोलतां दोन दिवस वाचन केलें आणि आम्हांस हें ऐकविलें. लंडनच्या टॅक्सीवाल्यास परवान्यासाठीं चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आंतील सुमारें पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात. यास तीन-चार वर्षें लागतात. तेथील एलेनॉर मॅग्वायर या संशोधिकेनें २००० सालीं दाखविलें कीं, या चालकांच्या मेंदूंतील हिप्पोकॅम्पस नांवाच्या, स्मृतीशीं संबंध असलेल्या, भागाची मागची बाजू इतरांहून मोठी असते. २०११ सालच्या दुसऱ्या अभ्यासांत असें आढळलें कीं, परीक्षा उतरलेल्यांत ती वाढ झाली, नापासांत झाली नाहीं. आणि २०२४ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत सुमारें नव्वद लक्ष मृतांच्या नोंदी ४४३ व्यवसायांनुसार तपासल्या. अल्झायमरनें मृत्यु येण्याचें प्रमाण रुग्णवाहिका आणि टॅक्सी चालविणाऱ्यांत सर्वांत कमी निघालें. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं असें त्या संशोधकांनींच लिहिलें आहे, आणि सुनेनें तें दोनदां वाचून दाखविलें, कारण आमचा स्वभाव तिला ठाऊक आहे.

परंतु त्यांतील एक वाक्य आम्हांस लागलें. बसच्या चालकांत हें कमी प्रमाण दिसलें नाहीं. बसचा मार्ग ठरलेला, रोज तोच.

आम्ही पस्तीस वर्षें तींच पाठ्यपुस्तकें शिकविलीं, साठ वर्षें तींच स्तोत्रें म्हटलीं, आणि मंडईस जाण्याचा आमचा रस्ताहि वडिलांनीं घालून दिलेला. सुनेस म्हटलें, "मग आम्ही बसवालेच कीं!" ती म्हणाली, "मामंजी, तिकीट मात्र कुणाचं फाडलं नाहींत." घरांत त्या दिवशीं पहिल्यानें सर्व हंसले.

आतां रोज सायंकाळीं नातू आणि आम्ही फिरावयास जातों. जातांना ठरलेला रस्ता. येतांना मात्र दुसरा, आणि काल आलों तो नव्हे. नातू मागें चालतो, आम्ही पुढें. रामरक्षेचा तो अडलेला चरण अजून एखादे दिवशीं अडतो. तेव्हां आम्ही मागच्या श्लोकापासून येतों. परवां नागनाथपाराकडून निघून खुन्या मुरलीधराच्या मागें एका बोळांत आम्ही दोघेहि चुकलों. त्यानें खिशांतून फोन काढला, आम्हीं तो परत खिशांत ठेवावयास लाविला आणि विचारलें, "मघाशीं उजव्या हाताला काय होतें?" तो म्हणाला, "पिठाची गिरणी." मग आम्ही गिरणीपर्यंत मागें गेलों. घरीं पोंचलों तेव्हां दिवेलागण होऊन गेली होती आणि थोरला दारांत उभा होता.